क्लीनर मासा म्हणजे औषध नव्हे

सदर : काचेपलीकडचं पाणी (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच माशाबद्दल आहेत : बोटाएवढा, निळसर अंगाचा, डोळ्यापासून शेपटीपर्यंत रुंद होत जाणारा काळा पट्टा असलेला क्लीनर रॅस (रॅस हे समुद्री माशांच्या एका कुळाचं नाव). बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या घरांतही आता समुद्री टाक्या दिसू लागल्यात आणि या माशाबद्दलचा एक गैरसमज त्या टाक्यांसोबतच घरात येतो. म्हणून या वेळी त्याला जास्त जागा देते.

प्रश्न : आमच्याकडे तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाउन, एक डॅमसेल आणि दिवाळीत आणलेला ब्लू टँग. आठवडाभरापासून टँगच्या अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतात आणि तो दगडाला अंग घासतो. दुकानदार म्हणाले, एक क्लीनर रॅस सोडा, तो ठिपके खाऊन अंग साफ करतो. आणू काय?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : आणू नका. दुकानदारांनी तुम्हाला मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, कारण ही समजूत सगळीकडेच आहे. पण तिच्यापायी आजारी मासाही जातो आणि नवा मासाही.

आधी ठिपक्यांचं. तुमच्या वर्णनावरून हा समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसतो. तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. हा परजीवी माशाच्या अंगावर नुसता बसत नाही, कातडीच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथे खातो. तुम्हाला दिसणारा ठिपका म्हणजे त्याच्यावर ताणलेली माशाचीच कातडी. ती फोडून आतला जीव काढणं क्लीनर रॅसला जमत नाही. शिवाय तीन ते सात दिवसांत परजीवी आपणहून माशाचं अंग सोडतो, वाळूत किंवा दगडावर कोष करतो आणि एका कोषातून शेकडो नवी पिल्लं बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. तुम्हाला टँगवर दिसतो तो रोगाचा एक भाग. बाकीचा टाकीच्या तळाशी आहे, तिथे कुठलाच क्लीनर पोचत नाही.

मग हा मासा समुद्रात खातो तरी काय? मी तो लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात पाहिलाय, गॉगल लावून पाण्यावर तरंगत असताना. एका पोवळ्याच्या मोठ्या ढेपेजवळ दोन क्लीनर रॅस शेपूट वरखाली हलवत होते. समोर एक पोपट मासा डोकं वर, शेपूट खाली करून उभा राहिला, कल्ले उघडे टाकून. त्यातला एक क्लीनर सरळ कल्ल्यात शिरला, बाहेर आला, पोटाखालून जाऊन परांच्या मुळाशी टोचत राहिला. मध्येच पोपट माशाने अंग झटकलं आणि क्लीनर क्षणभर मागे सरला. मागे दुसरे दोन मासे थांबलेच होते. थोड्या वेळाने एक गोब्रा आला, त्याने जबडा उघडला आणि तो चिमुकला मासा त्या जबड्याच्या आत गेला. गोब्र्याने ठरवलं असतं तर एका घोटात तो संपला असता.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे नॅथिड नावाच्या बारीक कवचधारी प्राण्यांची पिल्लं. ही पिल्लं माशांना चिकटून रक्त पितात. ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटाजवळ संशोधक अ‍ॅलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजणी केली, तेव्हा एक क्लीनर रॅस दिवसाला सरासरी 1200 च्या आसपास परजीवी खातो असं निघालं. तुमच्या टाकीत हे नॅथिड नाहीतच. चार मासे आहेत, त्यातलाही एकच आजारी. निपाणी स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्याला जशी दिवसभर उतरणारी-चढणारी माणसं लागतात, तशी या माशाला येणारी-जाणारी शेकडो गिऱ्हाइकं लागतात. तीन फुटी काचेत त्याचा धंदा बसतो आणि तो उपाशी राहतो.

उपाशी राहिला की तो काय करतो, हे तुमच्या टँगसाठी फार महत्त्वाचं आहे. पोपट माशाने अंग झटकलं ते का, तर क्लीनरने परजीवी सोडून त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थराचाच घास घेतला होता. ग्रटर आणि रेडुआन बशारी यांनी 2003 मध्ये प्रयोगाने दाखवलं की निवड करू दिली तर हा मासा परजीवींपेक्षा ती बुळबुळच पसंत करतो. समुद्रात गिऱ्हाईक रागावून निघून जातं किंवा त्याच्या मागे लागतं, म्हणून त्याला स्वतःला आवरावं लागतं. टाकीत गिऱ्हाईक जाणार कुठे? तो दिवसभर त्याच चार माशांच्या मागे लागतो. ती बुळबुळ म्हणजे माशाचं रोगापासूनचं पहिलं संरक्षण. आधीच आजारी असलेल्या टँगची तीच निघून गेली तर त्याचं काही खरं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. दुकानात दिसणारे क्लीनर रॅस जवळजवळ सगळे समुद्रातून पकडलेले असतात. लिझार्ड बेटाजवळच्या काही खडकांवरून संशोधकांनी साडेआठ वर्षं सगळे क्लीनर काढून ठेवले होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, त्या खडकांवर कायम राहणाऱ्या माशांची संख्या 37 टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या 23 टक्क्यांनी कमी भरली. एवढ्याशा माशावर एवढं अवलंबून असतं. त्याला तिथून उचलून आपल्या दिवाणखान्यात उपाशी मारायचा, हे मला मनापासून पटत नाही.

आता तुमच्या माशांचा उपचार. चारही मासे वेगळ्या टाकीत हलवा, फक्त टँगला नाही. वेगळी टाकी म्हणजे उघडी काच : वाळू नको, दगड नको, कारण ते औषध शोषून घेतात. स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो पुरेत. डॅमसेल इतरांना त्रास देतो, म्हणून एल्बो चारपाच टाका. त्यात कॉपर सल्फेटचं (तांब्याचं) औषध, कॉपर 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम प्रति लिटर या पातळीला. ही पातळी एकदम नव्हे, दोनतीन दिवसांत हळूहळू चढवा आणि कॉपर टेस्ट किटने रोज मोजा. कमी पडलं तर रोग राहतो, जास्त झालं तर मासे मरतात. म्हणून अंदाजाने थेंब टाकू नका, आणि ज्या टाकीत कोळंबी, शंख किंवा शेवंडीसारखे जीव आहेत तिथे कॉपर चुकूनही जाऊ देऊ नका. ही पातळी किमान तीन आठवडे टिकवा, मग पाणी बदलत कॉपर काढून टाका.

मूळ टाकी तोवर माशांविना चालू ठेवायची. फिल्टर चालू, हीटर चालू, मासा एकही नाही. क्रिप्टोकॅरिऑनच्या कोषातून पिल्लं बाहेर यायला 72 दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे, म्हणून जाणकार 76 दिवस धरतात. मासे परत सोडायची घाई करू नका, सगळा उपचार वाया जाईल.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. ब्लू टँग फूटभर वाढतो. तीन फुटी टाकी, म्हणजे साधारण 150 लिटर पाणी, त्याला आयुष्यभर पुरणार नाही. जागा अपुरी पडून मासा ताणाखाली असला की हे ठिपके परत परत डोकं वर काढतात. तो बरा झाला की मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्यायचं आत्तापासून बघा.

प्रश्न : मी दहा दिवसांपूर्वी क्लीनर रॅस आणला. फ्लेक्स (पापुद्र्यांसारखं कोरडं खाणं) अजिबात खात नाही. क्लाउनच्या मागे लागतो, क्लाउन दिवसभर कोपऱ्यात बसतात. आता काय करू?
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : तो खरंच क्लीनर रॅस आहे का, हे आधी पाहा. हुबेहूब तशाच रंगाचा एक दुसरा मासा असतो, अ‍ॅस्पिडोंटस टेनिएटस. तो साफसफाईचं सोंग घेऊन माशांच्या परांचे तुकडे तोडतो. टॉर्च घेऊन बाजूने तोंड बघा. खऱ्या क्लीनरचं तोंड मुस्कटाच्या अगदी टोकाला असतं, नकली माशाचं थोडं खाली, हनुवटीकडे सरकलेलं. नकली निघाला तर आजच वेगळा करा.

खरा असेल तर वेळ थोडा आहे. समोरून बघा : डोक्यामागे, पाठीच्या वरच्या बाजूला खोलगट दिसायला लागलं असेल तर तो वाळत चाललाय. फ्लेक्सचा नाद सोडा. खडेबाजारात किंवा कॅम्पात ताजी कोळंबी मिळते ती सोलून, अगदी बारीक वाटून घ्या. तिसऱ्याचा उघडा शिंपला धुऊन त्यात ती थोडीशी दाबून बसवा आणि शिंपला टाकीच्या तळाला ठेवा. क्लीनरला पृष्ठभागावरून टोचून खायची सवय असते, तरंगणाऱ्या अन्नापेक्षा तो असं खाणं लवकर धरतो. जोडीला जिवंत आर्टेमिया आणि गोठवलेला मायसिस (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव) द्या. दिवसातून तीनचार वेळा, थोडं थोडं. तासाभरात न खाल्लेलं काढून टाका, नाहीतर पाणी बिघडतं.

तो खायला लागला की क्लाउनचा त्रास बराचसा कमी होतो, पूर्ण थांबेल असं नाही. सहा फुटी, भरपूर मोठे मासे असलेली टाकी तुमच्या ओळखीत कुणाकडे असेल तर त्यांना द्या. तशी सोय होईपर्यंत खाणं चालू ठेवणं तुमच्या हातात आहे, ते नेटाने करा. गोव्याला गेलात म्हणून कलंगुटच्या पाण्यात सोडून येऊ नका. टाकीतले रोग त्याच्याबरोबर समुद्रात जातात आणि वाळूच्या किनाऱ्यावर त्याला ना खडक मिळतो ना गिऱ्हाईक.

प्रश्न : आमची टाकी 200 लिटरची, दीड वर्षाची. दोन क्लाउन, एक फायरफिश आणि एक क्लीनर कोळंबी आहे. सगळं ठीक चाललंय. मला एखादा रॅस ठेवायची फार इच्छा आहे. सिक्स लाइन रॅस बघून ठेवलाय. चालेल काय?
(एक वाचिका, खानापूर)

उत्तर : तुमच्या टाकीत फायरफिश नसता तर मी हो म्हटलं असतं. सिक्स लाइन रॅस हा सुंदर मासा आहे यात शंकाच नाही. जांभळट निळ्या अंगावर सहा नारिंगी रेषा, हिरवट शेपूट, शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा एक ठिपका. सातआठ सेंटिमीटरचा. क्लीनर रॅससारखं त्याचं पोट कुणा गिऱ्हाइकावर अवलंबून नसतं, तो दगडांच्या फटीतले बारीक जीव स्वतः शोधून खातो, चपटे किडे आणि शिंपल्यांना त्रास देणाऱ्या बारीक गोगलगायीसुद्धा वेचतो. मायसिस, आर्टेमिया, गोळ्या, सगळं खातो. सव्वाशे लिटरच्या जुन्या टाकीत तो वर्षानुवर्षं नीट राहतो.

पण तो भांडखोर आहे. टाकीत एकदा जम बसला की टाकी स्वतःची समजतो, नंतर आलेल्या माशाला टोचून टोचून हैराण करतो. म्हणून तो सगळ्यात शेवटी सोडायचा आणि एकच ठेवायचा. फायरफिश हा त्याच्या अगदी उलट, भित्रा. त्याला जरा धाक बसला की तो वर उडी मारतो, झाकण नसेल तर थेट फरशीवर. ही जोडी तुमच्या घरी नको.

तुमची हौस खरी आहे, म्हणून दुसरा सुचवते : पिवळाधमक कॅनरी रॅस. दुकानात त्याला यलो कोरिसही म्हणतात. जास्तीत जास्त बारा सेंटिमीटरचा, स्वभावाने शांत, फायरफिशला सहसा त्रास देत नाही. क्लीनर कोळंबी मोठी असेल तर तिलाही धोका नाही. त्याला मात्र वाळू लागते, बारीक, पाचसात सेंटिमीटर जाड थर. संध्याकाळी दिवे मालवायच्या आधीच तो त्या वाळूत तोंड खुपसतो आणि अख्खा आत जातो. नवीन आणला की कधीकधी तीनचार दिवस वर येतच नाही. मासा मेला समजून लोक वाळू उकरतात, त्याने तो आणखी घाबरतो. एकदा एका ओळखीच्या घरी मी वाळूकडे बोट दाखवून थांबायला सांगितलं. सकाळचे दहा वाजले, आधी दोन डोळे वर आले, इकडेतिकडे फिरले, मग तो पिवळा मासा एका झटक्यात बाहेर. त्या घरच्या मुलाने त्या दिवशी शाळाच बुडवली.

मून रॅस म्हणून हिरवट-निळा एक मासा दाखवतील, स्वस्तही असतो. तो पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि कोळंबी हे त्याचं आवडतं खाणं. तुमची क्लीनर कोळंबी वाचणार नाही. घेऊ नका.

कुठलाही रॅस घ्या, झाकण हवंच. हे सगळे उडी मारणारे मासे. काचेचं झाकण उन्हाळ्यात पाणी तापवतं, म्हणून खिडक्यांच्या जाळ्या बसवणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमची चौकट करून घ्या आणि त्यात बारीक जाळी ताणून घ्या. उजेड खाली जातो, हवा खेळते आणि मासा टाकीत राहतो. खानापुरात पावसाळ्यात झाड तारांवर पडलं की लाइट तासन्‌तास जाते, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

प्रश्न : आमच्याकडून महिन्यातून एकदा गाडी गोव्याला जाते. चोर्ला घाटाने येताना कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणलं तर मीठ विकत घ्यावं लागणार नाही. चालेल काय? आणि खडेमीठ वापरलं तर?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर : खडेमीठ नको. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बरंच काही ठरलेल्या प्रमाणात असतं, माशांना ते सगळं लागतं. मरीन सॉल्ट म्हणून जे मिळतं त्यात ते घातलेलं असतं.

गोव्याच्या पाण्याचं सांगायचं तर, पणजीजवळ मांडवी आणि झुआरी समुद्राला मिळतात. जून ते ऑक्टोबर तिथल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि पातळ असतं, त्या महिन्यांत मुळीच आणू नका. उन्हाळ्यात, नदीच्या मुखापासून आणि वस्तीपासून दूर, खडकाळ जागी भरतीच्या वेळेला घेतलं तर पाणी चांगलं असू शकतं. तरी ते अंधारात आठवडाभर ठेवून, गाळून, खारटपणा मोजूनच वापरा. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर विकत घ्या, दर हजारी 35 च्या आसपास आकडा हवा.

मला विचाराल तर एवढी उठाठेव करू नका. आरओचं पाणी आणि मरीन सॉल्ट, लिटरला साधारण 35 ग्रॅम. 150 लिटरच्या टाकीत दर आठवड्याला 15 लिटर बदलायचं म्हटलं तर अर्धा किलोच्या थोडं वर मीठ लागतं. बोअरचं पाणी आपल्याकडे जड असतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आरओ. मीठ आदल्या रात्री बादलीत मिसळून पंप लावून ठेवा, सकाळी वापरा. थंडीत नव्या पाण्याचं तापमान टाकीएवढं करून मगच ओता. बेळगाव, चिकोडीकडच्या डिसेंबरच्या रात्री रॅसना सोसत नाहीत, 24 ते 27 अंश सेल्सिअस कायम हवं.

गोव्याहून येताना पोवळ्याचा तुकडा आणला तर छान दिसेल, असंही तुम्ही लिहिलंय. तो आणू नका. खडक बांधणारी सगळी पोवळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जिवंत असोत वा मेलेली. पकडले गेलात तर गुन्हा दाखल होतो.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की क्लीनर माशात मादीचा नर होतो. हे खरं आहे का? आणि तो आरशात स्वतःला ओळखतो असं पण वाचलं.
(एक विद्यार्थिनी, येळ्ळूर)

उत्तर : सरांनी बरोबर सांगितलंय. या माशांचा एक नर आणि चारपाच माद्या असा कुटुंबकबिला असतो आणि त्यात सगळ्यांचा क्रम ठरलेला असतो. नर नाहीसा झाला की सगळ्यात मोठी मादी त्याची जागा घेते. रॉस रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियात हेरॉन बेटाजवळ हे पाहिलं आणि 1972 मध्ये प्रसिद्ध केलं. नर गेल्यानंतर दोन तासांच्या आत ती मादी नरासारखी वागायला लागते, बाकीच्यांवर हक्क दाखवते. दोन ते अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणूही तयार होतात. म्हणजे वागणं आधी बदलतं, शरीर नंतर. हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. वर्गात यावर चर्चा कर.

आरशाचा प्रयोग जपानमधल्या ओसाकाचे मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला. माशांच्या गळ्याखाली, त्यांना आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी तपकिरी रंगाचा ठिपका टोचला. रंग परजीवीसारखा दिसणारा होता. आरशात पाहिल्यावर माशांनी गळा वाळूवर घासला. रंगहीन ठिपका टोचला तेव्हा घासला नाही, आरसा नसतानाही नाही. याचा अर्थ मासा स्वतःला 'मी' म्हणून ओळखतो का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. तू प्रयोग आणि त्याचा अर्थ हे दोन्ही वहीत वेगवेगळे लिही. प्रयोगात जे दिसलं ते पक्कं आहे, अर्थाबद्दल मतं वेगळी असू शकतात.

हा मासा झोपतो कसा, हेही विचारलं आहेस. दगडाच्या फटीत शिरतो आणि स्वतःभोवती बुळबुळीची पातळ पिशवी तयार करतो. रात्री टाकीत टॉर्च मारून ती बघायचा मोह होईल, पण उजेडाने तो दचकतो. त्याला झोपू दे.

प्रश्न : आमची टाकी गोड्या पाण्याची आहे, गोल्डफिशना पांढरे ठिपके आलेत. क्लीनर रॅस सोडला तर चालेल काय?
(एक वाचक, हुक्केरी)

उत्तर : नाही. तो समुद्रातला मासा, गोड्या पाण्यात टिकत नाही. गोड्या पाण्यातला ठिपक्यांचा रोग वेगळ्या परजीवीचा आहे, इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिसचा, आणि तो औषधाने बरा होतो. पांढऱ्या ठिपक्यांसाठीचं औषध कुठल्याही अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतं. ते बाटलीवरच्या प्रमाणात द्या आणि तेवढे दिवस फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर तो औषध खेचून घेतो. परजीवी माशाच्या अंगात असताना औषध त्याला लागत नाही, तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवायचं नाही. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर चालू ठेवा आणि रोज तळाचा गाळ सायफनने काढा.